श्रद्धा, संशय आणि श्रीविठ्ठल

भीमातीरी येणारा प्रत्येक भाविक मनात काही ना काही घेऊन येत असतो. कोणास नवस फेडावयाचा असतो, कोणास लेकीच्या लग्नाचे साकडे घालावयाचे असते, कोणी वाडवडिलांनी चालविलेली वारी आपल्या हातून मोडू नये म्हणून येतो. दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या असलेल्या या समुदायात आणखीही एक भाविक असतो. त्याच्या मुखी नाम असते आणि अंतरी प्रश्न असतो. देव खरोखर ऐकतो काय? ऐकत असेल, तर मागच्या आषाढीला केलेली विनवणी वाया का गेली? घरातील कर्ता पुरुष अकाली गेला, तेव्हा तो विटेवर उभा राहून नुसता पाहत होता काय? हा प्रश्न तो कोणापाशी बोलून दाखवीत नाही. बोलल्यास लोक नास्तिक म्हणतील, कदाचित पापही लागेल, अशी त्यास धास्ती वाटते. म्हणून तो प्रश्न तसाच पदराआड झाकून पुढे सरकतो, पायांवर मस्तक ठेवतो आणि परत जातो.

असा भाविक आपल्याला वाटतो तितका एकटा नाही. त्याच्या आधी या वाटेने जे गेले, त्यांत फार मोठी माणसे आहेत.

जिज्ञासू हाही भक्तच

श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटाने पोळलेला आणि अर्थार्थी म्हणजे काही मिळावे म्हणून आलेला. ज्ञानी तर भगवंतांचा आत्माच. परंतु जिज्ञासू या शब्दापाशी क्षणभर थांबावयास हवे. जिज्ञासू म्हणजे ज्यास अद्याप कळलेले नाही तो. कळलेले नाही आणि कळावेसे वाटते, एवढीच त्याची पुंजी. तरीही भगवंतांनी त्यास दाराबाहेर ठेवलेले नाही. आधी जाणून ये आणि मग भक्त म्हणवून घे, अशी अट त्यास घातलेली नाही. चौघांनाही त्यांनी पुण्यवान म्हटले आहे आणि चौघेही उदार आहेत अशी ग्वाही दिली आहे. ज्ञानी त्यांना सर्वांत प्रिय खरा. पण त्याच अध्यायात पुढे ते असेही सांगतात की, होऊन गेलेले, असलेले आणि होणारे सर्व जीव आपण जाणतो, आपल्याला मात्र कोणी जाणत नाही. ज्याच्याविषयी खुद्द त्याच्याच मुखातून असे निघाले, त्याच्याविषयी आपल्याला सर्व काही कळावे, ही अपेक्षाच मुळी थोडी अधिकाची ठरते.

येथे कोणी म्हणेल, त्याच गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी मनुष्याचा नाश होतो असे म्हटले आहे, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्या श्लोकात अज्ञान, अश्रद्धा आणि संशय ही तिन्ही एका ओळीने मांडलेली आहेत. ज्यास ज्ञान नाही, विश्वास नाही आणि ज्याने संशयातच बिऱ्हाड थाटले आहे, त्याची ती गत. मात्र त्याच अध्यायात त्याच्या सहा श्लोक आधी, जाणत्यांस नमस्कार करून, त्यांची सेवा करून, त्यांना पुनःपुन्हा प्रश्न विचारावेत, असा स्पष्ट उपदेश आहे. सहाव्या अध्यायात तर अर्जुन आपल्या मनातील शंकेला संशय हेच नाव देतो. श्रद्धा आहे पण मन ढळले, योग पुरा झाला नाही, अशा मनुष्याचे काय होते; तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा फुटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना, असे तो विचारतो आणि हा संशय तुझ्यावाचून कोणी फेडणार नाही, असे म्हणतो. यावर भगवंत रागावत नाहीत. संपूर्ण गीतेत क्वचितच आढळणारे ‘तात’ हे संबोधन ते याच ठिकाणी वापरतात. घाबरलेल्या लेकरास वडीलधाऱ्याने ‘बाळा’ म्हणून जवळ घ्यावे, तसा तो शब्द आहे.

तेव्हा संशयाचेही दोन प्रकार मानणे भाग आहे. एक प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहत उभा राहतो. दुसऱ्यास उत्तर नकोच असते. पहिला दर्शनबारीतला, दुसरा बारीकडे पाहून हसणारा. दोघांस एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की तो पुष्कळदा भाविक मंडळींकडूनच घडतो.

गवताची काडी

आपल्या परंपरेने ज्ञानाच्या सीमेविषयी कधी लपवाछपवी केलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे एकोणतिसावे सूक्त नासदीय सूक्त या नावाने प्रसिद्ध आहे. ऋचा सातच आहेत. सृष्टी कोठून झाली, हा त्यातील विचार. आरंभी काय होते, काय नव्हते, पाणी होते की नाही, मृत्यू होता की नाही, असे विचारीत विचारीत ऋषी शेवटी येऊन पोहोचतो तो एका प्रश्नाशी. हे सर्व कोठून आले ते परमोच्च आकाशात राहून पाहणाराच जाणत असेल. किंवा कदाचित तोही जाणत नसेल. जगातील अतिप्राचीन ग्रंथांपैकी एक असलेल्या ऋग्वेदात हे वाक्य आहे आणि आजवर ते कोणी खोडलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या वैदिकांनी ते स्वरासहित, एक मात्राही न सांडता मुखोद्गत ठेवले. ज्यांनी ते जपले, त्यांस श्रद्धाहीन कोण म्हणेल?

केनोपनिषदातील यक्षाची कथा सर्वांस ठाऊक असावी अशी आहे. देवांनी असुरांवर विजय मिळविला आणि हा पराक्रम आपलाच, असा त्यांस गर्व झाला. तेव्हा त्यांच्यापुढे एक अद्भुत रूप प्रकट झाले. हे काय आहे, ते देवांस उमगेना. त्यांनी प्रथम अग्नीस धाडले. तू कोण आणि तुझे सामर्थ्य काय, असे त्या यक्षाने विचारताच अग्नी म्हणाला, पृथ्वीवर जे जे आहे ते मी जाळू शकतो. यक्षाने त्याच्यापुढे गवताची एक काडी टाकली. अग्नीने सर्व बळ लावले, काडी जळाली नाही. मग वायू आला. त्यानेही तशीच बढाई मारली आणि ती काडी त्यास जागची हलविता आली नाही. अखेर इंद्र निघाला. तो जवळ जाताच यक्ष अंतर्धान पावला.

या ठिकाणी कथेचे मर्म आहे. अग्नी आणि वायू परत फिरले. इंद्र परत फिरला नाही. समोर आता काहीच उरले नव्हते, रिकामे आकाश होते. तरी तो त्या रिकाम्या आकाशापुढे उभा राहिला. त्याच आकाशात त्यास हैमवती उमा दिसली आणि ते ब्रह्म होते, त्याच्याच विजयात तुम्ही मोठे झालात, हे तिने सांगितले. देवांचा राजा असूनही त्यास ते विचारून कळले, स्वतःहून कळले नाही. त्याच उपनिषदात थोडे आधी आचार्य शिष्यास बजावतात की, मला ब्रह्म चांगले कळले असे तुला वाटत असेल, तर तुला फार थोडे कळले आहे. पाठ करून ठेवावा असा हा इशारा आहे. सभामंडपात बसून चार पोथ्यांच्या बळावर दुसऱ्याच्या श्रद्धेचे माप काढणाऱ्यांनी तर तो विशेष ध्यानी धरावा.

विटेवरच्या देवाविषयी किती ठाऊक आहे?

वेद-उपनिषदांची गोष्ट दूरची वाटत असेल तर जवळचीच घ्यावी. पंढरीत जो उभा आहे त्याच्याविषयी आपल्यास नेमके काय ठाऊक आहे?

विठ्ठल हे नाव कसे झाले, यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी ते विष्णू या शब्दाच्या कानडी रूपातून आले असे मानतात, कोणी विटेवर उभा म्हणून विठ्ठल असे सांगतात, कोणी आणखी वेगळी व्युत्पत्ती देतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या आपल्या ग्रंथात या देवाचा शोध घेत घेत गवळी-धनगरांच्या गोपजन देवांपर्यंत माग काढला आहे. संतांनी त्यास द्वारकेहून आलेला श्रीकृष्ण म्हटले आणि त्याच्या मस्तकी शिवलिंग आहे असेही म्हटले. कर्नाटकाशी असलेला त्याचा संबंध ज्ञानदेवांच्या काळापासून बोलला जातो. परचक्राच्या भयाने मूर्ती अनेकदा स्थलांतरित करावी लागली. विजयनगरास गेलेली मूर्ती एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, असे परंपरा सांगते.

आणि पुंडलिक? ज्याने देवास तिष्ठत ठेवले, मायबापांची सेवा पुरी होईतो थांब म्हणून वीट भिरकावली, तो भक्तराज कोण, कोठला, कोणत्या काळचा, हे इतिहासास निश्चित सांगता येत नाही. होयसळ राजा सोमेश्वर याच्या शके ११५९ म्हणजे इ. स. १२३७ मधील शिलालेखात भीमरथीच्या तीरावरील या क्षेत्राचा आणि पुंडरीक मुनीचा उल्लेख येतो. त्या काळीही पुंडलिकाची आठवण जुनीच झालेली होती, इतके त्यावरून म्हणता येते. आरतीतली अठ्ठावीस युगे हा भक्ताच्या वाट पाहण्याचा हिशेब आहे; तो पंचांगावर ताडून पाहावयाचा नसतो. कित्येक क्षेत्रांच्या पुस्तिकांतून देवस्थान अमुक हजार वर्षांचे आहे, असे आकडे छातीठोकपणे छापलेले आढळतात. देवाचे मोठेपण वर्षांच्या बेरजेने वाढते, असे वाटल्यावाचून कोणी तसे लिहिणार नाही.

अगदी अलीकडची गोष्ट. २०२४ साली मंदिराच्या जतन-संवर्धनाचे काम चालू असता फरशीखाली एक तळघर आढळले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. लक्षावधी लोक वर्षानुवर्षे वावरत होते त्या देवळाच्या पोटात एक खोली आहे आणि तीत देव आहेत, हे त्यांच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हते. भजन मात्र चाललेच होते.

हे वाचून कोणाची श्रद्धा डळमळावी, असे यात काही नाही. मागच्या पिढीतील कित्येक मातांची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नसे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे १ जून लिहिली, तीच पुढे सरकारी कागदावर चालत राहिली. कित्येकींचे तर शाळेत नावच घातले गेले नाही. तिचे माहेरचे नाव नातवंडांस सांगता येत नाही. ती कोणत्या साली जन्मली, कोणत्या साली लग्न होऊन आली, यातले काहीही नेमके माहीत नसताना अंधारात तिच्या बांगड्यांचा आवाज लेकरास ओळखू येतो. वारकऱ्यांनी या देवास माऊली म्हटले, ते उगीच नव्हे. माऊलीविषयीची माहिती आणि माऊलीची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधकांनी पहिलीचा शोध जरूर घ्यावा. त्यांच्या शोधाने वारकऱ्याचे काही हिरावले जात नाही. उलट आपल्या देवाच्या अंगाखांद्यावर किती लोक, किती भाषा, किती पंथ खेळून गेले, हे कळून ऊर भरून यावा.

कच्चे मडके

देवाशी ज्यांची अत्यंत सलगी, ते नामदेव महाराज. देव त्यांच्याशी बोले, त्यांच्या हातचा नैवेद्य खाई, असे चरित्रकार वर्णितात. त्यांच्याविषयीची एक कथा सर्वश्रुत आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांस विचारले की, काका, मडकी घडविण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. तर यांतील पक्के कोण आणि कच्चे कोण, ते पाहा. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेका संताच्या मस्तकी थापटी मारीत निघाले. सर्व संत निवांत बसून राहिले. नामदेवांनी मात्र अंग आकसले, त्यांस राग आला. गोरोबा म्हणाले, हे मडके कच्चे आहे.

नामदेव रडत देवाकडे गेले. देवानेही गोरोबांचीच बाजू घेतली आणि गुरू कर म्हणून सांगितले. पुढे विसोबा खेचरांची भेट झाली तेव्हा विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय काढा म्हणताच ते म्हणाले, जेथे देव नाही तेथे उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून जेथे ठेवले तेथे पिंडी उमटली.

या कथेचा बोध देव सर्वव्यापी आहे, असा सांगतात आणि तो योग्यच आहे. परंतु तिची दुसरीही बाजू ध्यानी घ्यावी. ज्यास देव रोज भेटत होता, त्यालाही देव पुरता कळलेला नव्हता. पंढरीच्या देवळातला देव त्यास ठाऊक होता, देवळाबाहेरचा नव्हता. आणि हे कळल्यावर त्यांनी पंढरी सोडली काय? नाही. ते दूर पंजाबपर्यंत गेले, त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाली, आणि परंपरेप्रमाणे त्यांची समाधी याच महाद्वारी, पहिल्या पायरीशी आहे. भक्तांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी पडावी, ही त्यांची इच्छा. ज्यांस कधीकाळी कच्चे म्हटले गेले, त्यांच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून आज लोक ती ओलांडून जातात.

महाद्वारासमोरचा प्रश्न

नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. पुष्कळ भाविक घाईत तिला हात जोडून पुढे जातात. तेथे थोडे थांबावे.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीमुळे त्यांस देवळात प्रवेश नव्हता. ज्याच्यासाठी जीव टाकला, त्याचे मुख त्यांनी दारातूनही पाहू नये, अशी व्यवस्था त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांनी केलेली होती. त्यांच्या अभंगांत अपार प्रेम आहे आणि त्याबरोबर एक प्रश्नही पुनःपुन्हा आहे: तूच आम्हांस घडविलेस, तर मग ही हीनता आमच्या वाट्यास का? त्यांचे पुत्र कर्ममेळा यांनी तर अधिक कठोर शब्दांत देवाला जाब विचारला आहे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, सगळे घरच अभंग रचणारे; आणि त्या घरास देवळाचे दार बंद. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता ते कोसळून चोखोबांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी नामदेवांनी शोधून आणल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला ती चोखोबांची, असे ओळखून त्या येथे महाद्वारी ठेवल्या.

चोखोबांच्या प्रश्नास देवाने काय उत्तर दिले? त्यांच्या आयुष्यात तरी कोणतेही उत्तर मिळाल्याचे दिसत नाही. दार उघडले ते सहाशेहून अधिक वर्षांनी. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी येथे प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि मंदिर हरिजनांसाठी खुले करण्याचा निर्णय झाल्यावरच ते सोडले. आज दर्शनबारीत कोणाची जात विचारली जात नाही, यामागे ही किंमत आहे. ती चोखोबांच्या पदरात पडली नाही. त्यांच्या श्रद्धेस फळ मिळाले असे म्हणून या गोष्टीवर गोड शेवट चिकटविणे सोपे आहे. पण ते त्यांच्या दुःखाशी प्रामाणिक होणार नाही. अन्याय माणसांनी केला होता आणि तो माणसांनीच दूर करावयाचा होता. चोखोबांनी देवावरची श्रद्धा सोडली नाही आणि प्रश्नही सोडला नाही, एवढेच खरे. मराठी संतपरंपरेने त्यांचे प्रेमाचे अभंग जपले आणि तक्रारीचेही जपले. कर्ममेळ्याचे कठोर शब्द गाळून टाकावेत, असे कोणास वाटले नाही. देवाशी भांडणाऱ्या भक्तास या संप्रदायात स्थान आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

तुकोबांच्या संबंधानेही हेच म्हणता येते. शके १५५१-५२ च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, संतू नावाचा मुलगा गेला, व्यापार बुडाला. गाथेत देवाच्या प्रेमाने भिजलेले अभंग आहेत तसेच त्याच्याशी कडाडून भांडणारे, त्याच्याशी संबंध तोडल्याची भाषा करणारेही आहेत. वह्या इंद्रायणीत बुडविल्यानंतर तेरा दिवस ते शिळेवर निराहार पडून राहिले. वह्या तरल्या, हे आपण सर्वजण जाणतो, म्हणून त्या तेरा दिवसांकडे आपण सहज पाहतो. तुकोबांस मात्र ते ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी नव्हते, दहाव्या दिवशीही नव्हते. त्या दिवसांत त्यांच्यापाशी काय होते, असा विचार केल्यास श्रद्धा या शब्दाचा अर्थ थोडा उलगडू लागतो. खात्री असलेल्यास तेरा दिवस धरणे धरून बसावे लागत नाही.

मोडलेली वारी

असे दिवस आपल्याही पिढीने पाहिले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे हे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. त्या वर्षी आषाढी एकादशी १ जुलै रोजी होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी. बसने पंढरीस आल्या. वाखरीच्या तळावर दिंड्या नव्हत्या, चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते. आतील नित्योपचार चालू होते. काकडा होत होता, नैवेद्य होत होता. पाहण्यास भाविक नव्हते. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांत ज्यांची वारी एकदाही चुकली नव्हती, त्यांची चुकली. दारे उघडली ती नोव्हेंबरात. २०२१ ची आषाढीही अशीच निर्बंधांत गेली. आणि २०२२ साली पायी सोहळा पूर्ववत निघाला, तेव्हा अनेक दिंड्यांत नेहमीच्या जागी चालणारे टाळकरी, विणेकरी उरलेले नव्हते.

देवाने हे का होऊ दिले, याची पुष्कळ उत्तरे त्या काळात ऐकू आली. कोणी म्हणे पापे वाढली, कोणी म्हणे परीक्षा आहे. ज्यांच्या घरातील माणूस गेले, त्यांस या उत्तरांनी धीर मिळाला नाही, जखम मात्र वाढली. ज्यास ठाऊक नाही त्याने ठाऊक नाही असे म्हणावे, यात धर्माची हानी नाही. अशा घरी जाऊन मुकाट्याने बसणे, चूल पेटली नसेल तर पिठले-भाकरी नेऊन देणे, हे त्या उत्तरांपेक्षा वारकऱ्यास अधिक शोभते. त्या आषाढीस गावोगाव म्हाताऱ्या माणसांनी अंगणात तुळशीपुढे टाळ घेऊन उभे राहावे आणि तुळशीभोवतीच प्रदक्षिणा घालून वारी पुरी करावी, असे घडले. पंढरीत त्यांची नोंद झाली का, हे त्यांनी विचारले नाही.

नवस आणि दान यांविषयी

क्षेत्री येणाऱ्या भाविकांत नवस बोलणारे आणि दान देणारे पुष्कळ असतात. दोहोंसंबंधी चार शब्द येथे सांगणे उचित होईल. नवस हा करार नव्हे. देवाने आपली बाजू पाळली तर आपण आपली पाळू, अशा भावनेने बोललेला नवस फळला नाही की मनुष्य देवावर रुसतो आणि फळला की देवास विसरतो. आर्त भक्ताने मागावे. मागणे कमीपणाचे नाही, गीतेने त्यास भक्तांत गणले आहे. परंतु मागणे पुरे झाले नाही तर आपली भक्ती उणी पडली, असा दोष भाविकाने स्वतःस लावून घेऊ नये. विशेषतः आजाऱ्याच्या नातलगांनी हे ध्यानी ठेवावे. तीर्थ-प्रसाद घ्यावा आणि औषधही वेळेवर घ्यावे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. कोणी अमुक रकमेत अमुक फळाची हमी देत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

दानाविषयी बोलावयाचे तर या मंदिरातच एक जुना साक्षीदार आहे. चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळात, शके ११९५ पासून, मंदिरास ज्यांनी ज्यांनी दान दिले त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत राजेरजवाडे आहेत तसे सामान्य जनही आहेत. कोणी काय दिले ते दगडावर आहे. का दिले, हे नाही. त्यांच्या घरी काय दुःख होते, त्यांनी काय मागितले, ते मिळाले किंवा कसे, यातील काहीही आज सांगता येणार नाही. पुढे शतके लोटली आणि लेख वाचणारे उरले नाहीत. तेव्हा लोकांत समजूत रूढ झाली की, या शिळेस पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. भाविकांनी पाठी घासून घासून कित्येक अक्षरे झिजविली. इतिहासाच्या अभ्यासकास याची हळहळ वाटणे साहजिक आहे, आणि शिलालेखास अशा रीतीने अपाय होऊ नये, हेही खरेच. तथापि पाठ घासणाऱ्यास त्या दगडावर काय लिहिले आहे ते ठाऊक नव्हते आणि नाव कोरविणाऱ्यास आपले नाव पुढे कशासाठी झिजणार आहे ते ठाऊक नव्हते. दोघेही मात्र एकाच देवाकडे निघालेले होते.

दर्शनबारी गरुडखांबावरून पुढे सरकते. खांबास आलिंगन द्यावे, अशी रीत आहे. गर्दीच्या दिवशी हात लागला तरी पुष्कळ. चौखांबीतून आत गेले की बारी एकदम अरुंद होते, नामघोष वाढतो, पुढच्याच्या खांद्यावरून काळे रूप क्षणभर दिसते. कित्येक तास, कित्येकांनी कित्येक दिवस चालून ज्याची वाट पाहिली, तो क्षण हाच. पायांवर मस्तक टेकते न टेकते तोच सेवेकरी पुढे चला म्हणतात. थंड पाषाणाचा स्पर्श, तुळशीचा वास, आणि भाविक बाहेरच्या ओवरीत उभा असतो. तेथे आल्यावर अनेकांच्या ध्यानी येते की, घरून निघताना जे विचारावयाचे, मागावयाचे म्हणून मनात पक्के केले होते, ते राहूनच गेले. बरोबरची माणसे विचारतात, काय मागितलेस? तो कळसाकडे पाहतो, हात जोडतो आणि पुढल्या वारीचे बोलू लागतो.